जिशोसान

पुण्यात जपानी शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात जा. रानडे इन्स्टिट्यूट घ्या, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ घ्या, नाहीतर कोथरूडच्या एखाद्या बंगल्याच्या गच्चीवर पत्रे टाकून भरणारा खासगी क्लास घ्या. पुढच्या बाकावर कंपनीनं धाडलेले इंजिनिअर असतात, मधल्या बाकांवर ॲनिमे बघून बिघडलेली पोरं असतात, आणि खिडकीपाशी एक पोक्त गृहस्थ असतात. बाई क्रियापदाची रूपं फळ्यावर लिहायला वळल्या की हे हात वर करतात. शंका क्रियापदाची नसते.

"बाई, तुम्ही स्वतः कुठली डिक्शनरी वापरता? कागदी नव्हे हो, हातातली."

आमच्या बॅचमधल्या अशा गृहस्थांना पोरांनी जिशोसान म्हणायला सुरुवात केली. जिशो म्हणजे शब्दकोश आणि सान म्हणजे राव. कोशराव. त्यांना नाव आवडलं. शिकायला सुरुवात केल्यापासून जपान्यांसारखं काहीतरी वाट्याला आल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

त्यांची मागणी मुळात वेडगळ नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. आपल्याकडे शब्द वाचता आला की कोशात सापडतो. जपानीतल्या कांजी या चित्राक्षरांचं तसं नाही. समोर दहा-बारा रेघांचं चित्र असतं, उच्चार ठाऊक नसतो, मग शोधायचं कशाखाली? कागदी कोशात आधी त्या चित्राचं मूळ अंग ओळखा, उरलेल्या रेघा मोजा, आणि एक रेघ जरी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा काचेवर स्टायलसनं अक्षर गिरवल्याबरोबर अर्थ दाखवणारं यंत्र हवंसं वाटणं ही चैन नव्हे, गरज आहे. इथपर्यंत जिशोसान शंभर टक्के बरोबर. घोडं पेंड खातं ते 'मग कुठलं घ्यावं?' इथे.

पहिल्यांदा त्यांच्या मनात पाम हा हातातला छोटा संगणक भरला होता. खिशात मावतो, जपानी कोश टाकता येतो, वर पत्ते आणि फोन नंबरही राहतात. मग कुणीतरी शार्पच्या झॉरसबद्दल सांगितलं. तो उघडमीट करता येणारा, छोट्याशा कीबोर्डचा, आणि आत चक्क लिनक्स. जिशोसान लगेच लिनक्स शिकायला लागले. हिरागाना मुळाक्षरांचा अभ्यास 'हा' ओळीपर्यंत आला होता, तो तिथेच राहिला. लिनक्स थोडंफार जमलं तोवर झॉरस बाजारातून उठला. पामला 2010 साली एचपीनं विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी ती यंत्रं बंद करून टाकली. "बघितलंस? घेतला असता तर?" असं ते दोन्ही वेळा विजयी मुद्रेनं म्हणाले. न घेतलेल्या वस्तूबद्दल एवढं समाधान मिळवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मधल्या काळात निन्टेंडोचं प्रकरण होऊन गेलं. 2006 साली निन्टेंडोनं डीएस या आपल्या खेळयंत्रात घालायचा जपानी-इंग्रजी कोश काढला. पडद्यावर स्टायलसनं कांजी जशी दिसते तशी लिहायची, की शब्द हजर. किंमत अस्सल कोशयंत्राच्या मानानं कितीतरी कमी. जिशोसान हेलावले. माहिती काढून झाली, कॅम्पात एक दुकान गाठून झालं. दुकानदारानं रंग विचारला आणि "बाळ केवढं आहे?" असंही विचारलं. जिशोसान त्या वेळी चाळिशी ओलांडलेले, एका कारखान्याच्या परचेस खात्यात. ते खेळणं हातात घेऊन बसमध्ये बसलेलं स्वतःचं रूप त्यांना डोळ्यांसमोर दिसलं असावं. तसेच परत आले.

परचेस खातं हा तपशील महत्त्वाचा आहे. आयुष्यभर तीन कोटेशनं आल्याशिवाय ज्यांनी टाचणी घेतली नाही, त्यांनी कोशासारखी वस्तू एकाच कोटेशनवर घ्यावी ही अपेक्षाच चूक.

मग सुरू झालं कॅसिओच्या एक्स-वर्डचं पर्व, आणि हेच खरं प्रेम. जपानात या कोशयंत्रांचा तो ऐन बहराचा काळ होता. 2007 च्या सुमारास तिथे वर्षाला अठ्ठावीस लाखांच्या आसपास यंत्रं खपत. कॅसिओ होती, शार्पचा ब्रेन आला, कॅननचा वर्डटँक होता, सेइको होती. एकेका यंत्रात शंभरावर ग्रंथ. कोजिएनसारखा अडीच लाखांच्या घरातल्या नोंदींचा कोश, जो कागदावर उचलायचा तर तीन किलोंची वीट, तो पाव किलोच्या डबीत. केन्क्यूशाचा जपानी-इंग्रजी कोश वेगळा. एका कोशातल्या शब्दावरून थेट दुसऱ्या कोशात उडी मारायची सोय. आणि हे सगळं साध्या पेन्सिल सेलवर, त्यामुळे जपानच्या 100 व्होल्टची आपल्या 230 शी गाठ घालायला नको. पेन्सिल सेल बुधवार पेठेत मिळतात, हा मुद्दा त्यांनी वहीत लाल शाईनं लिहिलेला आहे.

वही सुरुवातीची. पुढे तिची एक्सेल शीट झाली. मी ती पाहिली आहे. आडवी सरकवताना बोट दुखतं. वजन, पडद्याची लांबी, स्टायलस ठेवायची खाच डावीकडे की उजवीकडे, उच्चार माणसाचा की यंत्राचा, बिजागरीचा प्रकार. 'मराठी आहे का' असाही एक रकाना आहे आणि त्यात वरपासून खालपर्यंत 'नाही'. म्हणजे घेतलं तरी जपानीतून इंग्रजीत आणि तिथून स्वतःच्या डोक्यानं मराठीत, असा गाडी बदलत प्रवास होणार. ते त्यांना मान्य होतं.

मागे आमच्या एका वर्गभगिनीनं नागोयाहून येताना स्वतःचा एक्स-वर्ड आणला. वर्ग सुटल्यावर खास काकांना दाखवायला थांबली. जिशोसानांनी आधी हात रुमालाला पुसले. डबी उघडली, मिटली, कानाजवळ नेऊन पुन्हा उघडली. उलटी करून सेलचं झाकण नखानं सरकवलं. मॉडेल नंबर मोठ्यानं वाचला आणि तिला म्हणाले, "हा शाळकरी मुलांचा आहे. डॉक्टर लोकांचा वेगळा येतो." तिला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. मग त्यांनी यंत्र चालू केलं. पडद्यावर चौकोनांच्या रांगा उमटल्या आणि प्रत्येक चौकोनात कांजी. इंग्रजी अक्षर औषधाला नाही. कारण उघड आहे, ही यंत्रं जपानी पोरांना इंग्रजी शिकता यावं म्हणून बनवलेली. जपानी शिकणारा मराठी माणूस त्यांच्या हिशेबात कधी नव्हताच. कुठल्या चौकोनावर बोट ठेवलं की अक्षर गिरवायची पाटी उघडते, हे वाचण्यासाठी आधी कोश हवा.

"काका, एखादा शब्द शोधून बघा ना," तिनं पाटी उघडून दिली.

जिशोसानांनी स्टायलस उचलला, काचेच्या वर धरला, आणि तसाच धरून राहिले. ऐन वेळी त्यांना एकही जपानी शब्द आठवेना. शेवटी त्यांनी 'एक' लिहिलं. ती एकच आडवी रेघ असते. यंत्रानं ती बरोबर ओळखली. "रिस्पॉन्स चांगला आहे," असा शेरा देऊन त्यांनी डबी मिटली आणि शीटमध्ये नोंद केली.

गंमत म्हणजे सल्ला विचारायला सगळे त्यांच्याकडेच जातात. आणि सल्ला एकच असतो: थांब. ऑक्टोबरात कुणी विचारलं की, "आत्ता? वेडी आहेस का? तिकडे एप्रिलला शाळा सुरू होतात, त्याआधी जानेवारीत नवी मॉडेलं येतात. जुन्याचे भाव पडतील. थांब." फेब्रुवारीत विचारलं की, "अरे, पहिल्या लॉटमधलं कुणी घेतं का? चार लोकांना वापरू दे." आणि जूनमध्ये, "आता निम्मं वर्ष गेलंच की." या पंचांगात खरेदीला मुहूर्तच नाही.

थांबण्याची किंमत मात्र वाढत गेली. ते शिकू लागले तेव्हा जपानीच्या परीक्षेला चार पातळ्या होत्या. 2010 पासून पाच झाल्या. त्याच वर्षी जपान सरकारनं रोजच्या वापरातल्या कांजींची यादी सुधारली, ती 1945 वरून 2136 वर गेली. म्हणजे यंत्र ठरेपर्यंत अभ्यासच वाढला. जिशोसानांचं त्यावर म्हणणं असं की, जुनं यंत्र घेतलं असतं तर ते कालबाह्य झालं असतं. 2015 च्या मार्चमध्ये सेइकोनं या धंद्यातून अंग काढून घेतलं, तेव्हा शीटमधल्या बऱ्याच ओळी त्यांनी स्वतःच्या हातानं करड्या केल्या. त्या दिवशी ते वर्गात गप्प होते.

एव्हाना पोरं फोनवर आली होती. कुणाकडे ताकोबोतो, कुणाकडे इमिवा. फुकटची ॲपं. जिशोसानांनी त्यांचीही तुलना मांडली आणि पुरते हैराण झाले, कारण अर्थ सगळीकडे तोच. बरोबरच आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या जिम ब्रीन यांनी 1991 साली एक जपानी-इंग्रजी कोशाची फाइल करायला घेतली आणि ती सगळ्यांना खुली ठेवली. आजच्या बहुतेक ॲपांच्या पोटात त्याच कामाची वाढवलेली आवृत्ती असते. वरचं कव्हर तेवढं निराळं. आता तुलना करायची कशाची? पडद्याच्या रंगाची?

कॅमेऱ्याचाही प्रयोग त्यांच्या स्वयंपाकघरात झाला. सोया सॉसच्या बाटलीमागच्या जपानी मजकुरावर फोन धरायचा, की कांजी पुसून त्या जागी इंग्रजी. काकूंनी बाटली धरली, काकांनी फोन. पण हात हलला की अर्थ हलायचा. एकदा मीठ जास्त निघालं, एकदा निघालंच नाही. "तुम्ही वाचताय की ओवाळताय?" काकूंनी विचारलं आणि बाटली कढईत उपडी केली.

फोनवर त्यांचा एक आक्षेप मात्र मला पटतो. कोशयंत्रात शब्द बघायला गेलं की शब्दच बघून होतो. फोनवर शब्द बघायला गेलेला माणूस सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा वाद वाचत बसतो आणि कांजी विसरतो. हे आम्हा सगळ्यांचं झालेलं आहे. जिशोसानांच्या डोक्यात यंत्र कशासाठी हवं याचं चित्र अगदी स्वच्छ आहे. यंत्रात काय बघायचं याचं नाही, एवढंच. नुसतं ठरवत बसलं तर कोश हाती येत नाही. मोल्सवर्थसाहेबांनी कँडी बंधूंना हाताशी धरून 1831 साली अख्खा मराठी-इंग्रजी कोश छापून दिला. शीट करत बसले असते तर आपण अजून वाट बघत असतो.

अलीकडेच बातमी आली की कॅसिओनं कोशयंत्रांची नवी मॉडेलं काढायचं काम थांबवलं. आहेत ती विकणं चालू राहील, नवं काही नाही. आम्हाला वाटलं, आता तरी सुटका. जानेवारी येईल पण मॉडेल येणार नाही, म्हणजे थांबायला कारण उरलं नाही. वर्गातल्या पोरांनी वर्गणी काढून एक्स-वर्ड आणायचाच बेत केला आणि मी तो त्यांना जाऊन सांगितला. जिशोसानांनी चष्मा पुसला.

"अरे, आता घाई कसली? नवीन येणार नाही म्हटल्यावर दुकानदार माल काढायला बघणार. जपानात जुन्या वस्तूंची दुकानं काय झकास असतात, माहितीय? भाव अजून पडायचेत. थांबा जरा."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी सगळ्यात खालच्या पातळीची परीक्षा दिली. परीक्षेत कुठलाच कोश नेता येत नाही, ना कागदी ना विजेचा, हे त्यांना प्रवेशपत्र वाचल्यावर कळलं. त्यांना ते फारच योग्य वाटलं. सर्वांना समान संधी मिळते, म्हणाले.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. आपल्यापैकी कुणाच्या कपाटात जुना एक्स-वर्ड पडला असेल, तर आधी सेल काढून ठेवा, ते पाझरतात. मग तो एखाद्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला देऊन टाका. मात्र देण्यापूर्वी जिशोसानांना विचारायला जाऊ नका. ते तुम्हाला थांबायला सांगतील.