डब्यातलं चंदीगड

सेक्टर 37 मधल्या आमच्या वहिनी चिरंजीवांचा डबा भरतात असं म्हणणं चूक आहे. त्या तो वसवतात. चार कप्पे, प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि मधोमध काकडीच्या चकत्यांचा हिरवा पट्टा. ल कॉर्बूझिएनं हे शहर आखताना रस्त्यांच्या सात जाती केल्या, वहिनींनी भाज्यांच्या केल्या. राजरोस देण्याच्या, किसून देण्याच्या, वाटून देण्याच्या, असं करत खाली खाली उतरलं की सातवी जात दुधीची. त्याला त्या इतका खोल पुरतात की घरात त्याचं नावही कुणी काढत नाही.

भाजी लपवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. थालीपिठात पालक, डोशात बीट, पराठ्यात मुळा, इडलीत तर काय काय असतं ते त्यांनाच ठाऊक. याचा परिणाम म्हणजे चिरंजीव, वय वर्षं सहा, हल्ली कुठलाही घास तोंडात घालण्याआधी उजेडाकडे धरून बघतात. आमच्याकडे एकदा साधा बटाटेवडा हातात घेऊन मला विचारलं, "काका, यात काय आहे?"

"बटाटा."

"आणि?"

त्या 'आणि'त अख्खं पोलीस ठाणं होतं. मला उगाचच अपराधी वाटलं.

मे 2025 मध्ये सीबीएसईनं शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, तेव्हा सरकार अखेर आपल्या बाजूला आल्याचा आनंद वहिनींच्या तोंडावर मावेना. परिपत्रक घेऊन त्या थेट आमच्या दारात. "भावजी, चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या खाण्यातले तेरा टक्के उष्मांक साखरेचे! हवेत पाच! उगाच नाही कॉर्बूझिएनं आराखड्यातून 13 नंबरचा सेक्टर गाळला." त्याच संध्याकाळी फ्रिजवर घरचा बोर्ड लागला. शीतपेयाची बाटली, बिस्किटं, फळांचा म्हणवणारा रस, आणि प्रत्येकासमोर साखरेचे चमचे काढलेले. चिरंजीवांनी ते बोट ठेवून मोजले आणि सर्वांत जास्त चमचे असलेली वस्तू मागितली. गणित चांगलं आहे मुलाचं.

वहिनींच्या नगररचनेला खरा सुरुंग लावला तो तळमजल्यावरच्या बीजींनी. जानेवारीत इथं ऊन पडलं की सगळं चंदीगड अंगणात येतं. बीजी खाटेवर बसून मुळे सोलत होत्या. काळं मीठ, लिंबू, आणि "लै पुत्तर." पुत्तरनं मुळा घेतला, उजेडाकडे धरला नाही, कराकरा खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. वर्षभर पराठ्यात गाडलेला तोच मुळा! वहिनी हे वरून, बाल्कनीतून बघत होत्या. आनंदानं रडावं की अपमानानं, हे त्यांचं ठरायच्या आत बीजींनी मुळ्यामागोमाग पिन्नी काढली. कणीक, तूप, गूळ, सुकामेवा, आकार क्रिकेटच्या चेंडूएवढा.

वहिनी तेरा टक्के घेऊन खाली धावल्या.

"बीजी, इसमें गूळ कितना डालते हो? ग्राम में?"

"अंदाज़े से, बेटा."

'अंदाज़े से' हा शब्द वहिनींच्या घरात दुधीपेक्षाही खोल पुरलेला आहे. तरी त्या बराच वेळ खाटेच्या कडेला बसून राहिल्या. मुळा खाताना मी त्यांना स्वतः पाहिलं.

परवा डबा बघितला तर चार कप्प्यांच्या बाहेर रबरानं बांधलेली एक चिमुकली डबी. मी भुवया उंचावल्या.

"सेक्टर 13," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "2020 मध्ये मनीमाजऱ्याला दिलाच की नाही तो नंबर? आराखड्यात नव्हता, पण वस्ती आधीचीच होती."

चिरंजीवांनी डबी उघडली. आतली सुपारीएवढी पिन्नी चिमटीत धरून खिडकीशी नेली, उजेडात एकदा फिरवली, आणि विचारलं, "आई, ही बीजींनी केली की तू?"