जुना सिनेमा विनाव्यत्यय पाहण्याचा शास्त्रोक्त विधी

(पुण्यात भाड्याने राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आणि अद्याप कोणाच्याही ऐकण्यात नसलेल्या मुलींसाठी)

प्रस्तावना

मुलीने कसे बसावे, किती मोठ्याने हसावे, पोळी किती पातळ लाटावी आणि रात्री कितीच्या आत घरी यावे, याविषयी मराठीत मार्गदर्शनाचा तुटवडा कधीच नव्हता. मात्र शनिवारी दुपारी दाराला कडी घालून १९३७ सालचा सिनेमा सलग कसा पाहावा, याविषयी एकही पुस्तिका उपलब्ध नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. जुने सिनेमे पाहायला आवड लागते, असे म्हणतात. आवड कोणालाही असते. लागतात ते सलग अडीच-तीन तास. पंचविशीतल्या मुलीकडे पगार असतो, क्रेडिट कार्ड असते, कधी स्वतःची स्कूटरही असते. सलग तीन तास मात्र तिला कोणी देत नाही. ते तिचे तिनेच मिळवायचे असतात. पुढील सूचना त्यासाठी आहेत.

साहित्य

१. लॅपटॉप व चार्जर. लॅपटॉप गादीवर ठेवल्यास तापतो, म्हणून खाली पोळपाट घ्यावा. भाड्याच्या घरातल्या पोळपाटाचा याहून चांगला उपयोग अजून कोणाला सापडलेला नाही.

२. खाऊ. चिवडा फक्त गाण्यांच्या वेळी खावा. संवाद चालू असताना केळे, खजूर असे मुके पदार्थ घ्यावेत. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला ‘ब्रह्मचारी’ (१९३८) पाहताना तर चिवडा पूर्ण वर्ज्य. एक बकाणा चावून होईपर्यंत दोन कोट्या निसटलेल्या असतात.

३. सहनशीलता. चित्रावर उभ्या रेघा येतील, आवाज खरखरेल, मधूनच एखादे वाक्य गायब होईल. तक्रार करू नये. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे (१९१३) आज काही तुकडेच हाती आहेत. लॉ कॉलेज रोडवर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, म्हणून जे टिकले ते टिकले. त्यातही जानेवारी २००३ मध्ये आग लागून जुन्या नायट्रेट फिती जळून गेल्या. एवढ्यातून वाचून जी नायिका आपल्यापर्यंत पोहोचली, तिच्या चेहऱ्यावरून एखादी रेघ गेली तर मुकाट्याने पाहावे.

निवड: प्रसंग पाहून

सिनेमा मूडप्रमाणे निवडू नये, कारण मूड शनिवारपर्यंत टिकत नाही. संकटाप्रमाणे निवडावा. संकटे टिकाऊ असतात.

*घरमालकांनी ‘जरा बोलायचं होतं’ असा निरोप ठेवल्यास:* ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). पुण्यात सड्याफटिंगांना खोली मिळत नाही, म्हणून चौघांपैकी दोघे लुगडी नेसतात आणि दोन जोडपी तयार होतात. अविवाहित मुलींना ही युक्ती उलट्या बाजूने वापरता येत नाही. मिशी लावून रोज सोसायटीच्या वॉचमनसमोरून जाणे कठीण. शिवाय आता भाडेकरार, आधार कार्ड आणि पोलीस व्हेरिफिकेशन लागते. सिनेमातल्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांनी तेवढे मागितले असते, तर सिनेमा पहिल्या अर्ध्या तासात संपला असता.

*महिनाअखेर असल्यास:* राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ (१९५२). यात एका महिन्यात एक लाख रुपये खर्च करून दाखवण्याची अट असते आणि पैसे काही केल्या संपत नाहीत. आजच्या मुलीला हा सिनेमा विज्ञानकथा म्हणून पाहता येतो. डिपॉझिट, ब्रोकरेज, सामान हलवणारा टेम्पो आणि ‘मेंटेनन्स वेगळा हं’ ही चार वाक्ये राजाभाऊंच्या नायकांना कोणी ऐकवली नव्हती.

*एखाद्याने ‘कॉफीला भेटू या’ म्हटल्यास:* भेटण्यापूर्वी बासू चटर्जींचे दोन सिनेमे पाहून घ्यावेत. ‘रजनीगंधा’मधला (१९७४) अमोल पालेकर वेळेवर येत नाही आणि आला की ऑफिसातले राजकारण आणि आपले प्रमोशन याखेरीज बोलत नाही. तरीही तो आवडतो. यावरून समोरच्यात काही आशा आहे का, ते ठरवावे. ‘छोटी सी बात’मधला (१९७६) अमोल पालेकर बसस्टॉपपासून ऑफिसपर्यंत रोज नायिकेच्या मागे चालतो. तेव्हा ते गोड होते. आज तसे कोणी मागे चालल्यास, सिनेमात त्याला धडे देणाऱ्या खंडाळ्याच्या कर्नलसाहेबांकडे न पाठवता ११२ क्रमांक फिरवावा.

*कपडे साठले असल्यास:* ‘चश्मेबद्दूर’ (१९८१). दीप्ती नवल दारोदार फिरून ‘चमको’ नावाची पावडर विकते आणि मळका कपडा धुऊन दाखवता दाखवता फारुख शेखच्या आयुष्यात शिरते. सिनेमा चालू असताना आपले कपडे बादलीत भिजत घालावेत. संपेपर्यंत ते भिजलेलेच राहतात, पण काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

*पगारवाढ नाकारली गेल्यास:* ‘कुंकू’ (१९३७). यावर थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

व्ही. शांताराम यांचा हा सिनेमा नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. नीरेचे लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावले जाते. ती रडत बसत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून रोज उठून ‘हे मला मान्य नाही’ एवढेच दाखवून देते. शांता आपटेचा हनुवटी उचलून बघण्याचा जो आविर्भाव आहे, तो आरशासमोर उभे राहून घोटावा. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये याचा उपयोग होतो. मॅनेजर ‘बजेट नाहीये गं’ म्हणाला, की काही न बोलता तेवढेच करावे आणि बघत राहावे. बजेट सापडेलच असे नाही, पण मॅनेजर कागद चाळू लागतो.

आणि हा आविर्भाव पडद्यापुरता नव्हता. पगार आणि कराराच्या वादातून १९३९ मध्ये शांता आपटे प्रभातच्या स्टुडिओच्या दारातच उपोषणाला बसली. त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथून बस जाताना मान वळवून फाटकाकडे एकदा बघावे. फुकट असते.

‘कुंकू’चा आणखी एक व्यावहारिक फायदा म्हणजे त्याला पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे वाजते तेवढेच ऐकू येते. त्यामुळे वरच्या मजल्यावरचा मिक्सर, खालचा भंगारवाला आणि शेजारच्या काकांचा खोकला सिनेमात सहज मिसळून जातात. गोंगाटाच्या सोसायटीत राहणाऱ्यांनी हा सिनेमा प्राधान्याने पाहावा.

*वर्ज्य:* जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) रविवारी रात्री पाहू नये. स्मिता पाटील बॅग भरून निघाली, की प्रेक्षिकेलाही निघावेसे वाटते आणि सोमवारी सकाळी नऊला राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये तयार असतो. शुक्रवारी पाहावा. शनिवारी झोप झाली की मुलगी भाड्याचा विचार करून ताळ्यावर येते.

व्यत्यय व त्यांचे निवारण

क) *रूममेट.* ही दारात उभी राहून ‘काय बघत्येस?’ असे विचारते आणि उत्तराची वाट न पाहता ‘ब्लॅक अँड व्हाइट?’ असे स्वतःच म्हणते. तिला हाकलू नये. शेजारी जागा करून द्यावी. दहा मिनिटांत ती फोन काढते, विसाव्या मिनिटाला उठून जाते. न गेल्यास ती मैत्रीण समजावी आणि चिवड्याचे दोन भाग करावेत.

ख) *स्वयंपाकाच्या मावशी.* मावशींना सिनेमा थांबवून उत्तर देऊ नये. ‘मावशी, तुम्हाला जे वाटेल ते करा’ म्हणावे. परिणामी बटाट्याची भाजी होते. ही किंमत मोजायची तयारी ठेवावी. मावशी ओल्या हाताने दाराशी उभ्या राहून ‘ही ललिता पवार ना?’ असे विचारतात, तेव्हा मात्र सिनेमा जरूर थांबवावा. मावशींना जुन्या सिनेमातले आपल्याहून जास्त कळते. त्यांना सांगावे, की ललिता पवारांचा डावा डोळा १९४२ मध्ये एका शूटिंगच्या वेळी थप्पड जोरात बसून अधू झाला. त्यांनी तोच बारीक डोळा घेऊन पुढे कित्येक वर्षे खाष्ट सासवा रंगवल्या. मावशी यावर ‘बाईनं हार नाही मानली’ एवढे बोलून पुन्हा कणकेकडे वळतात. यापेक्षा कमी शब्दांत चित्रपट परीक्षण अजून कोणी लिहिलेले नाही.

ग) *ऑफिस.* शनिवारी आलेला ‘पाच मिनिटांचा कॉल’ पाऊण तास चालतो. उचलू नये. सोमवारी विचारले तर ‘मी थिएटरमध्ये होते’ असे सांगावे. कडी लावलेली खोली आणि पोळपाटावरचा पडदा याला थिएटर म्हणण्यास कायद्याने बंदी नाही.

घ) *स्थळाचा बायोडेटा.* तो पीडीएफ असतो आणि मध्यंतरातच येतो. छंद या रकान्यात ‘सिनेमे पाहणे’ लिहिले असेल तरी हुरळून जाऊ नये. कोणते, ते विचारावे. उत्तरादाखल फक्त गेल्या महिन्यातला सिनेमा आल्यास पत्रिका जुळत नाही असे कळवावे.

सिनेमानंतरचे चिंतन

सिनेमा संपल्यावर लगेच मोबाइल हाती घेऊ नये. बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता थोडे चिंतन करावे. (म्हणजे वर भिजत घातलेले कपडे. ते अजून बादलीत आहेत.) चिंतनाचा कालावधी एक बादली एवढाच ठेवावा. त्यापुढे ते वैचारिक होते.

चिंतनासाठी सुचवलेला विषय: या नायिकांना वेळ कुठून मिळायचा? बहुतेक जणी पियानोपाशी उभ्या राहून गाऊ शकतात. कारण त्यांच्या घरी गॅस संपत नाही, धोब्याचा हिशोब चुकत नाही आणि पाण्याचा टँकर कधी येणार हे विचारायला कोणी त्यांनाच खाली पाठवत नाही.

याला ठळक अपवाद म्हणजे दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मधली (१९३६) जिजाई. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम सगळ्यांना आठवतात. गौरीने केलेली जिजाई एकदा नीट बघावी. पोरे भुकेली, म्हैस दावणीला, नवरा विठ्ठलात. ही सगळ्यांवर ओरडते आणि सगळ्यांचे करते. पोर आजारी पडते, तेव्हा ती वहाण हातात घेऊन थेट देवाला जाब विचारायला देवळात शिरते. शेवटी वैकुंठाचे विमान दाराशी येते तरी संसार टाकून ती निघत नाही. तुकोबांना वैकुंठाला जायला सवड होती. जिजाईला नव्हती.

इथपर्यंत आल्यावर बादली रिकामी झालेली असते आणि फोन वाजतो.

विशेष प्रकरण: आई

आई ही व्यत्ययांच्या यादीत सर्वांत वरची. तरीही तिला शेवटी घेतले आहे, कारण वरील कोणताही उपाय तिला लागू पडत नाही. न उचलल्यास ती पुन्हा करते, मग रूममेटला करते, मग घरमालक काकांना.

संभाषण साधारणपणे असे होते. ‘काय करत्येस?’ ‘सिनेमा बघत होते.’ ‘कुठला गं?’ ‘“जगाच्या पाठीवर”.’ यावर पलीकडे क्षणभर काही ऐकू येत नाही आणि मग आई गाऊ लागते. तिला राजा परांजप्यांच्या त्या १९६० च्या सिनेमातली सगळी गाणी पाठ असतात. कुठे कडवे तोडायचे, कुठे सूर लांबवायचा, सगळे. तेव्हा सहज विचारावे, ‘आई, त्यातल्या सीमाचं, त्या आंधळ्या मुलीचं, पुढे काय होतं?’

आईला ते माहीत नसते.

‘अगं, शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर लागायचा ना,’ ती सांगते. ‘मध्ये बातम्या लागल्या की मी कुकर लावायला उठायची. मग तुझे आजोबा जेवायला बसायचे. मग ताटं. येऊन बसेपर्यंत शेवट.’ खोदून विचारल्यास कळते, की राजा परांजप्यांच्या निम्म्याअधिक सिनेमांचा उत्तरार्ध तिने पाहिलेलाच नाही. तो तिला स्वयंपाकघरातून ऐकू आला आहे. इतकी वर्षे तिला कोणी हे विचारले नाही आणि तिलाही त्यात सांगण्यासारखे काही वाटले नाही.

म्हणून या मार्गदर्शिकेतील सर्वांत महत्त्वाची कृती पुढीलप्रमाणे करावी. शनिवारी आईला आपणच फोन करावा. तिच्या टीव्हीवर यूट्यूब लावायला अर्धा तास हाताशी ठेवावा. ‘कुठलं बटण? लाल?’ या प्रश्नावर आवाज चढवू नये. दोन्हीकडे सिनेमा एकदम सुरू करावा, फोन स्पीकरवर ठेवावा आणि आई गाऊ लागली की आपला आवाज बंद करावा. मध्यंतरात ‘मी जरा आलेच हं’ असे शब्द ऐकू आले, तर ‘आई, बस’ असे ठामपणे सांगावे. हनुवटीचा आविर्भाव फोनवर दिसत नाही, तो आवाजात आणावा.

कुकर बाबांनी लावावा. ते स्वयंपाकघरातून ‘अगं, तांदळाला पाणी किती?’ असे विचारतील, नंतर डाळीचे विचारतील, नंतर शिट्टी कुठे ठेवली ते विचारतील. आईने नजर न हटवता बोटांनी दाखवावे. भात लागला तरी सिनेमा थांबवू नये. शांता आपटेने तर मुद्दाम उपोषण केले होते. बाबांना एक रात्र दूध-केळ्यावर काढता येईल.