काइंडली सेक्रेटरी

सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये आढळणाऱ्या मानवी नमुन्यांत ‘काइंडली सेक्रेटरी’ हा एक स्वतंत्र वर्ग मानावा लागतो. हा गृहस्थ बहुधा कचेरीतून किंवा बँकेतून निवृत्त झालेला असतो, त्याची हयात आवक-जावक आणि स्मरणपत्रांत गेलेली असते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० त्याला पोथीसारखा मुखोद्गत असतो. मराठीत त्याची विनंती क्रियापदापुरतीच असते: “गाडी काढा”, “नळ बंद करा”, “पोरांना आवरा”. तीच विनंती सूचनाफलकावर इंग्रजीत उतरली की तिला झूल चढते: “ऑल मेंबर्स आर हिअरबाय काइंडली रिक्वेस्टेड टू प्लीज कोऑपरेट अँड ओब्लाइज.” या वाक्यात विनय जागोजागी आढळतो, परंतु करायचे काय ते कोठेच आढळत नाही, ते खाली मराठीत, लाल शाईने लिहिलेले असते: “जिन्यात चपला काढू नयेत.”

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये विनयाची जी उपपत्ती मांडली तिच्यानुसार प्रत्येक विनंती ऐकणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर थोडेफार आक्रमण करते, आणि त्याचे परकेपण, त्याचा अधिकार व मागणीचा भार वाढेल तसतशी बोलणाऱ्याला अधिक आडवळणे घ्यावी लागतात. या तीन घटकांत सेक्रेटरीने मेंटेनन्सची थकबाकी हा चौथा घटक जोडला आहे. एक महिना थकला तर “प्लीज” पुरते, तिमाही उलटली की “काइंडली” येते आणि सहामाही झाली की “वी शॅल बी ग्रेटफुल इफ यू वुड बी काइंड इनफ” असे पत्र दाराखालून सरकते, ज्याची प्रत उपनिबंधकांकडे आधीच रवाना झालेली असते.

तोंडी व्यवहारात मात्र हा विनय त्याच्याच अंगलट येतो. “वुड यू माइंड शिफ्टिंग युवर स्कूटर?” हा प्रश्न हरकतीची चौकशी करणारा असल्याने स्कूटर हलवायला तयार असलेल्याला “नो” म्हणावे लागते, तळमजल्यावरचे आजोबा मात्र उत्साहाने “येस, येस” म्हणतात आणि लगेच स्कूटर हलवतातही, तेव्हा व्याकरणाने नकार व कृतीने होकार अशा पेचात सापडलेला सेक्रेटरी आभार न मानताच परततो.

सारांश, या वर्गाचा इंग्रजी विनय रागाच्या प्रमाणात लांबत जातो. म्हणून एका पत्रात दोन “काइंडली” दिसताच सुज्ञ सभासदाने व्याकरणात न शिरता मुकाट्याने धनादेश लिहावा.