ट्रॅकला फुटला पाझर

उमापूरकडं बोअर घ्यायचा म्हटलं की आधी पाणाड्या येतो. तळहातावर आडवा नारळ धरून शेतभर हिंडतो, एका जागी नारळ उभा राहतो, तिथं चुन्याची फुली पडते. मग मशीन येतं आणि रात्रभर नुसता फुफाटा उडतो. त्यामुळं पाण्यानं शर्यतीचा घोळ झाला असं ऐकलं, की गेवराई तालुक्यातल्या माणसाला आधी हेवाच वाटतो.

गोष्ट 2001ची. इंग्लंडात कॉर्बीजवळ, पोलाद कारखान्याच्या जुन्या जागेवर, रॉकिंगहॅमचा दीड मैलाचा लंबगोल ट्रॅक झाला. बेत असा, की अमेरिकेतल्या ‘कार्ट’ या शर्यत-मालिकेच्या उघड्या चाकांच्या गाड्या इथं आणायच्या आणि ताशी 300 किलोमीटरच्या वर पळवायच्या, कायम डावीकडं वळत. आता असल्या ट्रॅकवर पाऊस आला की अमेरिकेतही शर्यत थांबते. तरी ज्याला ती इंग्लंडात न्यावीशी वाटली, त्यानं आमच्या बाजारात छत्र्यांचं दुकान टाकायला हरकत नाही!

सप्टेंबरात गाड्या आल्या. ऊन पडलं, तरी ट्रॅक ओलाच. पाणी जमिनीतून वर येत होतं. एक ओल वाळवावी, तर हातभर पुढं दुसरी. वाळवणारी यंत्रं फिरून फिरून दमली, सरावाचे दोन दिवस गेले. ड्रायव्हरही हसण्यावारी नेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. आठवड्यापूर्वीच जर्मनीतल्या शर्यतीत त्यांच्यातल्याच अलेक्स झानार्डीचे अपघातात दोन्ही पाय गेले होते. न्यायालयानं शर्यत अडवली तर दाद तरी मागता येते: आमचा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं थांबवला, 2021च्या डिसेंबरात पुन्हा सोडला. पाझराविरुद्ध अपील कुठं करणार?

अखेर 22 सप्टेंबरला फेऱ्या कमी करून शर्यत झाली, आणि झाली ती अशी, की आलेल्यांचे पैसे वसूल! शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर गिल द फेराननं केनी ब्राकला मागं टाकलं.

पुढच्या वर्षी स्कॉटलंडचा डारियो फ्रँकिटी जिंकला, म्हणजे घरच्याच माणसानं मान घेतला. पण 2003 साली हीच गाडी-मंडळी इंग्लंडात आली ती ब्रँड्स हॅचच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर. रॉकिंगहॅम 2018 साली बंद झालं. आता तिथं गाड्या ओळीनं उभ्या करून ठेवतात.