क्वांट अभ्यासक्रमाची निवड : स्वदेश, परदेश आणि तारण ठेवलेली सदनिका

क्वांटिटेटिव्ह फायनान्स, म्हणजे संभाव्यताशास्त्र, कलनशास्त्र आणि संगणक यांच्या साहाय्याने बाजारातील जोखमीला किंमत लावण्याचे शास्त्र, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील मराठी विद्यार्थ्यांत ‘क्वांट’ या सुटसुटीत नावाने ओळखले जाते. त्याचे पदव्युत्तर शिक्षण मायदेशी घ्यावे की परदेशी, हा प्रश्न पूर्वी घरातली वडीलधारी मंडळी जेवणाच्या ताटावर सोडवीत असत; आता तो एक्सेलमध्ये सोडविला जातो.

त्यासाठी उमेदवाराने प्रथम विद्यापीठांचे कोष्टक मांडावे, प्रत्येक निकषास भारांक द्यावा आणि उत्तर न्यूयॉर्क येईपर्यंत भारांक बदलत राहावे. कार्नेगी मेलनचा १९९४ पासूनचा कार्यक्रम पिट्सबर्ग व न्यूयॉर्क अशा दोन्ही ठिकाणी चालत असल्याने कोष्टकात थोडा गोंधळ होतो, आणि बारूक हे सरकारी महाविद्यालय न्यूयॉर्कमध्येच असूनही इतरांहून पुष्कळ स्वस्त निघाल्याने उमेदवाराच्या मनात त्याच्याविषयी उगीचच संशय उत्पन्न होतो. वास्तविक तिथला वर्ग लहान आणि प्रवेश अवघड असतो. परंतु कमी शुल्काची प्रतिष्ठा नातेवाइकांना समजावून सांगणे त्याहून अवघड असते.

नोकऱ्यांचा अहवाल वाचताना सरासरी पगाराची ओळ ठळक करावी. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर नेमका मधोमध येणारा आकडा, आणि किती विद्यार्थ्यांनी आपला पगार कळविलाच नाही ती संख्या, या दोन गोष्टी खाली बारीक अक्षरांत असतात. त्या वाचल्यास निर्णय लांबतो.

न्यू जर्सीच्या मामांचा सल्ला आदराने ऐकावा आणि ते कोणत्या साली गेले, हे विचारावे.

मामांच्या सल्ल्यात जे नसते ते असे : शिक्षणानंतर अमेरिकेत एक वर्ष काम करता येते आणि अभ्यासक्रम सरकारी यादीत विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडत असेल, तर आणखी दोन वर्षे मिळू शकतात, म्हणून अर्जापूर्वी पदवीच्या नावापेक्षा तिचे वर्गीकरण तपासावे लागते. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाला वर्षाला ८५,००० ची मर्यादा असून त्यांपैकी २०,००० तेथील पदव्युत्तर पदवीधरांसाठी राखीव आहेत, आणि अर्ज करणाऱ्यांची गर्दी या आकड्यात मावत नाही.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे पैसा; तो याच शास्त्राच्या भाषेत समजून घ्यावा. ऑप्शन म्हणजे एखादी वस्तू ठरलेल्या किमतीला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, मात्र बंधन नव्हे. हा हक्क विकणारा त्याबद्दल प्रीमियम घेतो आणि पुढचा धोका पत्करतो. शुल्क आणि राहणे मिळून न्यूयॉर्कचा खर्च लाख डॉलर सहज ओलांडतो, सरकारी बँका साधारणतः साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला तारण मागतात, आणि मराठी घरात तारण म्हणजे डोंबिवलीची किंवा कोथरूडची सदनिका. नोकरी लागली तर नफा उमेदवाराचा, न लागली तर हमी वडिलांची. अर्थात हा ऑप्शन वडिलांनी लिहून दिलेला असतो, आणि प्रीमियमही तेच भरतात. अशी रचना जगातल्या कोणत्याही शेअर बाजारात सापडणार नाही. ऑप्शनची किंमत काढणाऱ्या १९७३ सालच्या ब्लॅक-शोल्स सूत्राला चालू भाव, ठरलेला भाव, मुदत, व्याजदर आणि चंचलता अशा पाच गोष्टी लागतात; वडिलांना त्यांपैकी व्याजदर तेवढा ठाऊक असतो, पण तो प्रत्येक बँकेचा, ज्येष्ठ नागरिकांच्या अर्ध्या टक्क्यासह, तोंडपाठ असतो. २०११ च्या मध्याला ४५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२५ च्या अखेरीस नव्वदीला पोचला, आणि तिथे नोकरी लागलेल्याला हे वरदान असले तरी दुसऱ्या सत्राचे शुल्क इथून पाठविणाऱ्याला नाही, हेही ते कोष्टकाविना सांगतात.

मायदेशाचा पर्याय उमेदवाराने निकष म्हणून नव्हे, तर सांत्वन म्हणून नोंदवावा अशी रूढी आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापलेली कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था एम.स्टॅट.च्या विद्यार्थ्याकडून भरमसाट शुल्क घेण्याऐवजी त्यालाच विद्यावेतन देते, मात्र तिची प्रवेशपरीक्षा पैशाने उत्तीर्ण होता येत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत वित्तीय अर्थशास्त्राचे एम.एस्सी. आहे; ती बीएमसीसी रस्त्यावर असल्यामुळे पुणेकर उमेदवारास दिसत नाही. पवई-गोरेगावातल्या परदेशी बँकांच्या कचेऱ्यांत जोखमीची प्रारूपे रोज तपासली जातात, आणि काही ट्रेडिंग कंपन्या आयआयटीतून बी.टेक. होताच मुले उचलतात. या कंपन्यांना पदव्युत्तर पदवीचे फारसे अगत्य नाही.

अखेरीस तयारी. अमेरिकेत वर्ग सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत उन्हाळी कामाच्या मुलाखती सुरू होतात, म्हणजे संभाव्यतेची कोडी, पायथन आणि सी प्लस प्लस घरूनच नेलेले बरे. पण वर्षभर व्हिसाच्या तारखा, बॅगेचे वजन आणि प्रेशर कुकर यांचाच अभ्यास होतो. इटोचे सूत्र, ज्यावर हे सगळे शास्त्र उभे आहे, ते विमानात बघू म्हणून ठेवलेले असते आणि विमानात सिनेमे असतात. स्टीव्हन श्रीव्ह यांच्या पाठ्यपुस्तकाचे दोन खंड मायदेशातही मिळतात. ते डिसेंबरपर्यंत स्वतःहून वाचून, त्यातली उदाहरणे सोडवून झाली नाहीत, तर कोष्टकात कोणतेही उत्तर येवो, अर्ज करू नये. आणि झाली, तर हमीपत्रावर सही घेण्यापूर्वी ते वडिलांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावे.