गुठळीबाईंस अनावृत पत्र

गुठळीबाई,

सा. न. वि. वि.

अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णाच्या रक्तवाहिनीत मुक्काम ठोकायचा आपला विचार असेल, तर जागा पसंत करण्याआधी अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे सीपीटी पुस्तक जरूर चाळावे. १९६६मध्ये प्रथम निघालेल्या या पुस्तकात शस्त्रक्रियेगणिक पाच आकडी कोड आहे. तो चुकला, की सर्जनचे बिल अडकलेच.

रुग्णाच्या मांडीतल्या मूळ धमनीत शिरलात आणि पायाला छेद देऊन आपल्याला काढले, तर कोड ३४२०१. ती धमनी तुंबली म्हणून जोडलेल्या बायपास ग्राफ्टमध्ये बसलात, तर ३५८७५. तो ग्राफ्ट दुरुस्तही करावा लागला, तर ३५८७६. दंडातल्या डायलिसिसच्या ग्राफ्टमध्ये सापडलात, तर वरचे सगळे रद्द. तिथे उघडून नुसते काढले तर ३६८३१, सोबत दुरुस्ती केली तर ३६८३३, आणि आपण नव्हतातच, फक्त दुरुस्ती होती, तर ३६८३२. छेद न देता सुईच्या वाटेने काढले तर ३६९०४, सोबत फुग्याने वाहिनी रुंद केली तर ३६९०५, स्टेंट बसवला तर ३६९०६.

आपल्याला बाहेर ओढणारी नळी मात्र बहुतेक वेळा एकाच घराण्यातली. तिचे जनक थॉमस फोगार्टी यांनी सर्जनच्या हातमोज्याचे बोट कापले आणि मासेमारीचे गळ बांधतात त्या गाठीने ते नळीच्या टोकाला बांधले. मिटलेला फुगा आपल्याला ओलांडून पलीकडे न्यायचा, फुगवायचा आणि मागे ओढायचा. १९६३मध्ये ही युक्ती छापून आली. फुग्याला पत्त्याशी देणेघेणे नाही, बिलाला आहे.

खरा घोळ नंतर होतो. सर्जन थकून लिहितो, ‘ग्राफ्टमधील गुठळी काढली, प्रवाह उत्तम.’ पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेची बिले तपासणारा कोडर तिथेच अडतो. कुठला ग्राफ्ट? पायाचा की डायलिसिसचा? दुरुस्ती म्हणून सांध्यावर पॅच शिवला का? शिवला असेलही, पण नोंदीत नाही म्हणजे शिवलाच नाही. मग सर्जनला लेखी प्रश्न जातो आणि उत्तर येईपर्यंत क्लेम खोळंबतो. विभागणीत तथ्य नाही असे नाही. पायाचा बायपास मोकळा करणे आणि दंडातली डायलिसिसची वाट पुन्हा चालू करणे ही कामे वेगळीच आहेत. फक्त तो वेगळेपणा नोंदीतल्या एका शब्दावर लटकवला आहे.

आणि वेळ पाळा, ही विशेष विनंती. पायाच्या बायपासनंतरचे ९० दिवस मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा योजना, एकाच पॅकेजमध्ये धरते. त्या मुदतीत आलात आणि त्याच सर्जनने पुन्हा ऑपरेशन थिएटर गाठले, तर कोडाला मॉडिफायर ७८ हे शेपूट लागते. पैसे मिळतात ते ऑपरेशनपुरतेच, आधीच्या-नंतरच्या देखभालीचे नाहीत. थिएटरची पायरी न चढता त्याने आपल्याला आवरले, तर वेगळा छदामही नाही. तेव्हा सर्जनची थोडी तरी कणव असेल, तर ९० दिवस कळ काढावी.

कळावे.

ता. क. पुस्तक यंदाचेच घ्यावे. सुईच्या वाटेने काढण्याचा जुना कोड ३६८७० होता. २०१७च्या आवृत्तीत तो गेला आणि ३६९०४ ते ३६९०६ आले. शिवाय कोडांचे हक्क असोसिएशनकडे राखीव आहेत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आपला कोड घालायचा तरी परवाना लागतो.