मोजणी बंद ठेवून ‘काम पूर्ण’ लिहिणाऱ्यास

चोपडा, जि. जळगाव

महोदय,

या पत्रात तुमचे नाव मी घालणार नाही. तुमच्यासारखे काम करून बिल उचलणारे आणखीही आहेत. त्या प्रत्येकाने हे पत्र आपल्यालाच आले आहे असे समजावे.

आमची शोधयंत्रणा तुम्ही उभी केलीत. तीन सर्व्हर, त्यांवर इलॅस्टिकसर्चचे क्लस्टर आणि त्यात अडावद, धानोरा, लासूर, हातेड या भागातल्या केळी उत्पादकांचे कागद: काटा-पावत्या, खरेदीची बिले, फळपीक विम्याचे अर्ज, नुकसानीच्या सूचना. नाव किंवा गट नंबर टाकला की कागद समोर यावा, एवढेच आम्हाला हवे होते. हस्तांतरपत्रावर तुम्ही ‘काम पूर्ण’ असे लिहिलेत, सही केलीत आणि पैसे घेतलेत. बिलात ‘देखरेख व्यवस्था’ अशी वेगळी ओळ होती, तिच्यापुढे रक्कमही होती. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मात्र मोजमापे गोळा करण्याच्या ओळीपुढे ‘फॉल्स’ होते. जी वस्तू दिलीच नाही तिचे पैसे घेणे याला मी फसवणूक म्हणतो. हा शब्द मी रागाच्या भरात वापरलेला नाही.

त्या एका ‘फॉल्स’ने काय झाले ते ऐका. मृगाच्या तोंडावर वादळ आले आणि काढणीला आलेल्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी शेतकऱ्याच्या हातात मोजके तास असतात. नुकसानीची सूचना मुदतीत पोचली पाहिजे आणि पोचल्याची नोंद नंतर सापडलीही पाहिजे. लोक रांगेत उभे राहिले, कारकुनाने अर्ज भरून घेतले, पडद्यावर ‘जमा’ असे आले. दुसऱ्या दिवशी तेच अर्ज शोधले तर सापडेनात. जुन्या पावत्या मात्र झटकन येत होत्या, त्यामुळे यंत्रणा ठीक आहे असाच सगळ्यांचा समज झाला. ‘तुमचा अर्ज दिसत नाही,’ असे शेतकऱ्याला खिडकीतून सांगितले गेले. ‘काय व्हयनं भाऊ?’ असे तो विचारत होता आणि खिडकीच्या अलीकडे कुणाकडेच उत्तर नव्हते.

उत्तर डिस्कमध्ये होते. इलॅस्टिकसर्चमध्ये डिस्क भरण्याच्या तीन खुणा आधीपासून ठरलेल्या असतात. सर्व्हरची डिस्क ८५ टक्के भरली की त्यावर नवे शार्ड, म्हणजे इंडेक्सचे तुकडे, ठेवणे थांबते. ९० टक्क्यांवर तिथले शार्ड दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा प्रयत्न सुरू होतो. ९५ टक्क्यांवर त्या सर्व्हरवर ज्या ज्या इंडेक्सचा तुकडा आहे, ते सगळे इंडेक्स लिहिण्यासाठी बंद होतात. वाचन चालू राहते, लेखन थांबते. आमचे हेच झाले. जुने कागद सापडत होते आणि नवे आत जातच नव्हते. कागद आत गेला की नाही हे न तपासता ‘जमा’ म्हणणारा पडदाही तुम्हीच बनवला होता.

डिस्क एका रात्रीत भरलेली नव्हती. सर्व्हरच्या रोजच्या नोंदींचे इंडेक्स साचत गेले, कारण जुने इंडेक्स ठरावीक मुदतीनंतर काढून टाकण्याचा नियम तुम्ही लावलाच नव्हता. ८५ टक्के ओलांडल्यावर शार्डच्या काही प्रतींना जागा मिळेना आणि क्लस्टरचा रंग हिरव्यावरून पिवळा झाला. पिवळा म्हणजे मूळ तुकडे सगळे जागेवर आहेत, पण काहींची दुसरी प्रत कुठेच नाही. अशा वेळी एक सर्व्हर पडला तर काही कागद कायमचे जाऊ शकतात. हा धोका आमच्या डोक्यावर टांगलेला होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. यंत्रणा आपली अवस्था सांगायला तयार होती. तिचे ऐकणारे तुम्ही कुणी ठेवले नाही.

तुमचा दुसरा गुन्हा मला पहिल्याहून मोठा वाटतो. तक्रार गेल्यावर तुम्ही दुरूनच त्या ‘फॉल्स’चे ‘ट्रू’ केलेत आणि प्रश्न मिटला असे कळवलेत. मोजमापे गोळा होऊ लागली, पण साठू लागली त्याच तीन सर्व्हरांवर. याचा अर्थ तुम्हाला कळत नसेल तर अशी कामे घेऊ नका आणि कळत असेल तर तुम्ही जाणूनबुजून आम्हाला अंधारात ठेवलेत. डिस्क पुन्हा ९५ टक्क्यांवर गेली की मोजमापांचे इंडेक्सही इतरांसारखेच लिहिण्यासाठी बंद होणार. म्हणजे नेमक्या ज्या तासाची नोंद हवी, त्याच तासाला नोंदवही मिटणार. सर्व्हर पूर्णच बसले, तर ते का बसले याचा पुरावाही त्यांच्याबरोबर जाणार.

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. फळपीक विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो. हिवाळ्यात पारा ठरलेल्या अंशाखाली ठरलेले दिवस राहिला की भरपाई लागू होते आणि तो पारा बघितला जातो महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीत. थंडीने केळीची पाने करपलेली सगळ्या गावाने पाहिली असतील, तरी केंद्राची नोंद नसेल तर शेतकऱ्याला आपली बाजू मांडायला काही उरत नाही. म्हणून आकडा घेतला गेला का, रोज घेतला गेला का आणि केंद्र बंद असेल तर ते कुणाला कळले, हे प्रश्न इथे चहाच्या टपरीवरही विचारले जातात. ज्या माणसांना नोंदीची किंमत इतकी ठाऊक आहे, त्यांचेच कागद तुम्ही नोंद न ठेवणाऱ्या यंत्रणेत टाकलेत.

तुमच्या सबबीही मी ऐकल्या आहेत. एकेकीला उत्तर देतो.

तुम्ही म्हणालात, ‘ते सेटिंग मुळातच बंद येते.’ खरे आहे. पण मुळात जसे येते तसेच सोडायचे असेल तर तुम्हाला बोलावले कशासाठी? मुळातल्या सेटिंगवर विसंबून राहिल्याने काय होते ते जगाने पाहिले आहे. जुलै २०२० मध्ये ‘म्याव’ नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्यात इंटरनेटवर उघडी पडलेली हजारो इलॅस्टिकसर्च आणि मोंगोडीबी कोठारे पुसली गेली. धमकी नाही, खंडणीची मागणी नाही, सरळ माहितीच नष्ट. पासवर्ड लावणे त्या काळी उभारणाऱ्याच्या हाती होते आणि अनेकांनी तो लावलाच नव्हता. २०२२ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून सुरक्षा मुळातच चालू येऊ लागली. देखरेख मात्र अजूनही उभारणाऱ्यालाच जोडावी लागते. तुमची मजुरी त्याचीच होती.

तुम्ही म्हणालात, ‘मोजणीने यंत्रणा मंदावते.’ साधारणपणे दर १० सेकंदांनी काही आकडे वाचायचे असतात: डिस्क, जावाची मेमरी, प्रोसेसरवरचा भार, रांगेत अडकलेल्या आणि नाकारलेल्या विनंत्या. तेवढ्याने तुमचे क्लस्टर धापा टाकत असेल, तर ते वादळानंतरची गर्दी कसे पेलणार होते? तो भार वाटत असेल तर मध्यांतर वाढवता येते. मोजणीच बंद करणे हा त्यावरचा उपाय होत नाही.

तुम्ही म्हणालात, ‘वेगळ्या सर्व्हरला पैसे कुठे होते?’ मोजमापे ठेवायला मोठे यंत्र लागत नाही. तीन सर्व्हरांचे काही दिवसांचे आकडे एका लहान, वेगळ्या यंत्रावर मावतात. त्याचा खर्च आम्हाला लेखी सांगितला असता, तर तो करायचा की नाही हे आम्ही ठरवले असते. तुम्ही तो निर्णय आमच्या हातातून काढून घेतलात आणि वर बिलात ती ओळ घातलीत.

आता करायचे काय, तेही लिहितो, म्हणजे ‘नेमके काय हवे ते सांगितलेच नाही’ असे म्हणायला वाव राहणार नाही.

तिन्ही सर्व्हरांवर मेट्रिकबीट बसवा. हा लहानसा स्वतंत्र प्रोग्राम आहे. इलॅस्टिकसर्चचे आकडे तो बाहेरून वाचतो आणि वेगळ्या देखरेख क्लस्टरला पाठवतो. इलॅस्टिकसर्चने स्वतःच आपले आकडे गोळा करून पाठवायची जुनी पद्धत ७.१६ आवृत्तीपासून मोडीत काढायच्या यादीत गेली आहे, तिच्यावर नवे काम उभारू नका. आकडे वाचायला तेवढ्यापुरताच अधिकार असलेला वापरकर्ता द्या. सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्ये उघडा लिहून ठेवू नका, तुम्ही तोही तसाच ठेवला होता. सर्व्हरच्या लॉग फाइली फाइलबीटने त्याच वेगळ्या ठिकाणी न्या, कारण आकडा काय बिघडले ते सांगतो आणि ते का बिघडले हे बहुतेक वेळा लॉगमध्ये मिळते. मंद शोधांची नोंद मुळात बंद असते, तिच्या मर्यादा ठरवून ती चालू करा. मोजमापे किती दिवस ठेवायची हेही लिहून द्या. मुळातली मुदत थोड्या दिवसांची असते आणि आमचा हंगाम काही महिन्यांचा असतो.

मग इशारे लावा. इलॅस्टिकसर्चसोबत वापरल्या जाणाऱ्या किबाना या पडद्यात त्यांचे नियम तयार मिळतात: डिस्क ८० टक्के, मेमरी ८५ टक्के, प्रोसेसर ८५ टक्के. डिस्कचा इशारा ८५ टक्क्यांच्या खुणेआधीच येतो, म्हणजे माणसाला हालचाल करायला वेळ मिळतो. या सगळ्यांहून महत्त्वाचा आहे तो मोजमापे येणेच थांबल्याचा इशारा. एखाद्या सर्व्हरकडून १५ मिनिटे आकडेच आले नाहीत तर तो बोंब मारतो. रिकामा आलेख आणि शांत आलेख यांतला फरक तोच सांगतो. आमच्या खिडकीवर हाच फरक कुणाला कळला नाही. कागद आत गेलेला नव्हता आणि तो दिलाच नव्हता असे मानले गेले.

इशारा पोचला पाहिजे माणसाच्या फोनवर. तुम्ही लावलेला एकुलता एक इशारा तुमच्याच कार्यालयाच्या एका ई-मेल पत्त्यावर जात होता आणि तो पत्ता करार संपल्यावर कुणी उघडत नव्हते. रात्री कुणाला उठवायचे, त्याने फोन उचलला नाही तर पुढे कुणाला उठवायचे, याचा कागद सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर लागला पाहिजे. तो मराठीत असला पाहिजे.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. देखरेखीच्या नावाने घेतलेली रक्कम परत करा. वादळानंतरच्या दिवसांत नोंद न झालेल्या प्रत्येक अर्जासाठी, दोष यंत्रणेचा होता आणि शेतकऱ्याचा नव्हता, असे लेखी द्या. विमा कंपनीपुढे उभे राहताना त्या माणसाच्या हातात तेवढा तरी कागद असू द्या. आणि यापुढे जिथे असे काम कराल तिथे सही करण्याआधी गिऱ्हाइकासमोर एक सर्व्हर मुद्दाम बंद करा, मेट्रिकबीट मुद्दाम थांबवा आणि सगळे मिळून थांबा. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या माणसाचा फोन वाजला तर ‘काम पूर्ण’ लिहा.

शेवटची विनंती हे पत्र वाचणाऱ्या गिऱ्हाइकांना आहे. ग्रामपंचायत असो, पतपेढी असो, बाजार समिती असो की महाविद्यालय, तुमच्याकडेही कुणीतरी अशी यंत्रणा उभी करून गेलेले असेल. त्या माणसाला या आठवड्यात बोलवा आणि डिस्क किती टक्के भरली आहे, मोजमापे कुठे साठतात आणि इशारा कुणाच्या फोनवर येतो, हे तीन प्रश्न विचारा. तिन्हींची उत्तरे पडद्यावर दाखवता येईपर्यंत त्याचे उरलेले बिल देऊ नका.

आपल्या कामाचे परिणाम रोज खिडकीवर पाहणारा,
यंत्रणा सांभाळणारा एक कर्मचारी